सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावलेलं कोणी आहे का?

प्रश्न: आमचा सुतारकामाचा कारखाना आहे. मुलगी ११ वर्षांची. सुट्टी लागल्यापासून "मलाही काम द्या" म्हणून मागे लागली आहे. तुमची सुरुवात कोणत्या कामाने झाली होती?

उत्तर: मीही सुताराचाच मुलगा. पहिली सुट्टी भुसा झाडण्यात आणि वाकडे खिळे सरळ करण्यात गेली. दुसऱ्या सुट्टीत बाबांनी पॉलिश पेपर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचा कागद, दिला. आधी खरखरीत ८० नंबर, मग १२०, मग बारीक २२०, आणि घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. मी एकदा घाईत फळी आडवी घासली. पॉलिश चढवल्यावर एकेक ओरखडा उठून दिसला. बाबा ओरडले नाहीत. माझं बोट धरून त्या ओरखड्यांवरून फिरवलं आणि फळी पुन्हा माझ्याच पुढ्यात ठेवली. अख्खी दुपार गेली त्यात! फळीच्या कडेला खिळा मारण्याआधी त्याचं टोक हातोडीने जरा बोथट करायचं, म्हणजे लाकूड तडकत नाही, हेही तेव्हाच शिकलो. मशीनच्या करवतीजवळ मात्र त्यांनी मला कधी फिरकू दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.

उत्तर: आमचं शिवणकाम होतं. काज-बटण माझ्याकडे. एकच सांगते, संध्याकाळी तिला खेळायला सोडा. मला सोडत नसत, त्याचं अजून वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. आज भुसा झाडून झाला. उद्या मास्क बांधून पॉलिश पेपर देते. चारनंतर सुट्टी.