जिल्हा फुटबॉल संघटनेत मत कोणाला? मैदानात उतरणाऱ्या संघांना की जुन्या सभासदांना?

सड्यावरचा
मंडळी, सिंधुदुर्गात फुटबॉल खेळणारी मुलं वाढलीत, संघटना मात्र होती तेवढीच आहे. पावसात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, गवत आलं की गावोगाव पोरं चेंडू घेऊन उतरतात. दिवाळीनंतर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात, मे महिन्यात चाकरमानी आले की बक्षिसंही वाढतात, आणि फुटबॉल पुढच्या पावसापर्यंत थांबतो. क्रिकेटची स्पर्धा गावचं कुठलंही मंडळ भरवतं. जिल्हा लीग भरवणं संघटनेच्या हातात, आणि संघटनेत मत आहे ते बऱ्याच अशा क्लबांना, ज्यांचा संघ कुणी मैदानात पाहिलेला नाही.

माझा प्रस्ताव असा. मागच्या दोन्ही हंगामांत जिल्हा स्पर्धेत संघ उतरवला असेल त्यालाच मत. बाकीच्यांनी सभासद जरूर राहावं.

निवडणूक रखडली की काय होतं ते आपण वरच्या पातळीवर पाहिलंय. राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीची मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली, निवडणूक झाली नाही, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली आणि ऑगस्टमध्ये फिफाने भारताला निलंबित केलं.

तालुक्याचा कार्यकर्ता
निलंबन का झालं तेही सांगा. फिफाने कारण दिलं बाहेरच्या हस्तक्षेपाचं. प्रशासक समितीचा अधिकार संपला, कारभार महासंघाकडे परत आला, तेव्हा दहा-अकरा दिवसांत ते उठलं. संघटना सभासदांच्या हाती राहिली पाहिजे, हाच त्यातला धडा.

आता तुमच्या प्रस्तावाबद्दल. संघ उतरवला की मत, असा नियम केला तर निवडणुकीआधीच्या दोन हंगामांत एखादा इच्छुक उमेदवार दहा संघ उभे करील. जर्सी घेऊन देईल, एकेक सामना खेळवील, मतं खिशात. आज निदान कागदावरचे सभासद ओळखीचे आहेत.

आणि कामाचं काय? धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, दरवर्षीचं ऑडिट, प्रत्येक खेळाडूची ऑनलाइन नोंदणी. आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, मग पालकांना फोन करत बसायचं. रेफ्रीचं मानधन अनेकदा पदाधिकाऱ्याच्याच खिशातून जातं. मत मागणाऱ्यांपैकी किती जण हे करायला येतील?

सड्यावरचा
दहा संघांचा मुद्दा खरा आहे. मग अट कडक करू: दोन्ही हंगामांत सगळे सामने खेळलेले, एकही वॉकओव्हर, म्हणजे न खेळता सोडलेला सामना, नाही, आणि एका खेळाडूची नोंदणी एकाच संघात. दहा संघ दोन वर्षं खरोखर खेळवणारा माणूस निवडून आला तरी मला चालेल. त्याने निदान दीडशे पोरं मैदानात आणलेली असतील.

कामाचं मात्र मला उलटं वाटतं. निर्णयात वाटा नाही म्हणून माणसं येत नाहीत. हिशेब आमसभेतच पहिल्यांदा दिसतो, तोही वाचून दाखवतात. तो आठ दिवस आधी पाठवा, मग बघा.

दोडामार्गकर
माका मताचा काय पडलेला नाय. जिल्ह्याचो सामनो देवगडाक ठेवलो तर आमका पहाटे उठान गाडी काढूक लागता. भाडा कोण देतलो? डिचोली आमका जवळ, म्हणान आमची चांगली पोरां गोंयात खेळतत.

दोन विभाग करा. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, कुडाळ एकीकडे. मालवण, कणकवली, देवगड, वैभववाडी दुसरीकडे. साखळी सामने विभागात, फक्त शेवटचे चार संघ एकत्र. हे केलं नाही तर वॉकओव्हरची अट आमच्यावरच पडणार. गाडीभाडं नाही म्हणून सामना सोडायचा आणि वर मतही जायचं.

वेंगुर्ल्याची लेफ्ट विंग
दोघांच्याही मांडणीत मुली कुठे आहेत? ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे काही सामने मडगावात झाले, आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर. इथल्या मुली शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग अशा खेळतात, दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि तिथेच संपतं. पुढे संघ नाही, म्हणून स्पर्धा नाही. स्पर्धा नाही, म्हणून संघ उभा राहत नाही.

'खेळेल त्याला मत' म्हणता, तर ज्यांना खेळायला प्रतिस्पर्धीच नाही त्यांनी मत कसं मिळवायचं? मी कॉलेजच्या मुलींचा संघ बांधायचा प्रयत्न केला. चौकशी केली तर उत्तर मिळालं, आणखी तीन संघ आणा मग बघू. ते तीन संघ जमवणं संघटनेचं काम नाही का? कार्यकारिणीत महिला खेळाडूंसाठी जागा ठेवा आणि सात-सातच्या सामन्यांपासून सुरुवात करा. पूर्ण मैदानही लागणार नाही.

तालुक्याचा कार्यकर्ता
सात-सातचं पटलं. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, कार्यकारिणीच्या ठरावावर होईल. विभागवार सामन्यांचंही तसंच, रेफ्री दोन्हीकडे पुरवता आले पाहिजेत एवढंच. त्यासाठी प्रत्येक तालुक्यातून दोघांनी रेफ्रीची परीक्षा द्यावी. नावं द्या, मी पाठवतो.

मताच्या अटीला माझा विरोध कायम आहे. ज्यांनी मैदान मिळावं म्हणून ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवले, त्यांचं मत एका ठरावाने काढून घ्यायचं मला मान्य नाही.

सड्यावरचा
त्यांचं मत काढू नका मग. आज जे सभासद आहेत त्यांच्यासाठी पुढची एक निवडणूक जुन्या नियमाने, त्यानंतर सगळ्यांना एकच अट. भाड्याअभावी सुटलेला सामना वॉकओव्हर धरायचा नाही, आणि मुलींच्या संघाला लीग सुरू होईपर्यंत अट लागू नाही. मसुदा लिहून देतो. आमसभेच्या विषयपत्रिकेवर घ्याल का?

तालुक्याचा कार्यकर्ता
पाच क्लबांच्या सह्या घेऊन द्या, नियमाप्रमाणे घ्यावाच लागेल. सभेत मी विरोधात बोलेन.