भंडारदऱ्याच्या थंडीसाठी तंबू आणि स्लीपिंग बॅग : मदत हवी आहे

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेली माझी आई, गाडीने भंडारदऱ्याला जाऊन जलाशयाच्या काठी दोन रात्री मुक्काम करणार आहोत. सामान गाडीतच राहणार असल्याने वजनाची चिंता नाही. मात्र आईला वाकून आत शिरावे लागू नये, म्हणून तंबू उभे राहता येईल इतका उंच हवा. चौघांसाठी म्हणून विकला जाणारा तंबू प्रत्यक्षात तिघांनाच पुरतो, त्यामुळे सहा जणांचा घ्यावा असे मला वाटते. पण काठावरच्या वाऱ्यात एवढा उंच तंबू नीट टिकतो का?

गेल्या हिवाळ्यात एकपदरी तंबूत श्वासाची वाफ आतून साचून पहाटे पांघरुणे ओली झाली होती. दुपदरी, वर जाळीच्या खिडक्या असलेल्या तंबूत हा त्रास कितपत कमी होतो?

स्लीपिंग बॅगवर ‘कम्फर्ट’ (ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते) आणि ‘लिमिट’ (ज्या तापमानापर्यंत जेमतेम झोपता येते) अशी दोन तापमाने असतात. आईला थंडी फार बाधते, म्हणून तिच्यासाठी ५ अंश कम्फर्टची, पूर्ण उघडणारी आयताकृती बॅग पुरेल का? जमिनीच्या गारव्यासाठी फोमची चटई घ्यावी की हवा भरायची गादी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.