ड्रॅगन्स डॉग्मा २: चालायला लावणारा गेम, की चालणं चुकवायचे पैसे मागणारा?

विश्रामबागकर

मध्यंतरी सेलमध्ये किंमत उतरली तेव्हा आमच्या सांगली-मिरजेच्या पोरांपैकी तिघाचौघांनी एकदमच ड्रॅगन्स डॉग्मा २ घेतला. तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की भांडण ठरलेलं. ग्रुपवर मुद्दे वाहून जातात, म्हणून इथं मांडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅपकॉम या जपानी कंपनीचा हा ओपन वर्ल्ड आरपीजी, म्हणजे मोकळ्या जगात आपलं पात्र घेऊन हिंडायचा गेम, २२ मार्च २०२४ ला आला. पहिला भाग २०१२ चा, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचा. दोन्हींचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो. समीक्षकांनी भरभरून गुण दिले, आणि गेम आला त्याच दिवशी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर खेळणाऱ्यांचा शेरा पडला ‘मोस्टली निगेटिव्ह’. शहरात पाऊल टाकलं की गेम अडखळतो, सेव्ह एकच, आणि ७० डॉलरच्या गेमशेजारी वीसेक किरकोळ वस्तू रोख पैशात विकायला मांडलेल्या, ही त्याची मुख्य कारणं. तरीही पहिल्या दोन आठवड्यांत २५ लाख प्रती खपल्या.

माझं मत सांगतो, मग हाणा. या गेममधली गैरसोय काढली तर गेमच उरत नाही. कुठंही क्षणात पोचायचं तर फेरीस्टोन लागतो, तो महाग. नाहीतर बैलगाडी. बैलगाडीत डुलकी काढावी तर मध्येच गोब्लिन येऊन पडतात, आणि गाडी मोडली की उरलेला रस्ता पायी. मार खाल्ला की नुसतं आरोग्य कमी होत नाही, ते भरायची कमाल मर्यादाच घटते, आणि मुक्काम केल्याशिवाय ती परत मिळत नाही. त्यामुळे गावाबाहेर पडतानाच विचार करावा लागतो: अंधार कुठं गाठेल, कंदिलात तेल किती, ओझं किती झालंय.

एकदा ग्रिफिननं झडप घातली. मी चढलो त्याच्या पाठीवर, म्हटलं मानेत तलवार खुपसतो. तर ते धूड उडालंच! खाली आधी ओळखीचा रस्ता, मग नदी, मग कधी न पाहिलेले कडे. त्याच्या घरट्यापाशी पडलो तेव्हा रात्र झालेली, सोबतचे पॉन, म्हणजे गेमच चालवतो ते साथीदार, मागं राहिलेले. तिथून परत येण्यात माझी अख्खी रात्र गेली, आणि त्या रात्रीबद्दल मी अजून ऑफिसात बोलतोय. नकाशावर क्लिक करून घरी आलो असतो तर बोलायला काय होतं?

तासगावचा बागायतदार

दादा, ग्रिफिनचं लय भारी. पण तुमची रात्र ही तुमच्या मालकीची आहे. आमच्याकडं ऑक्टोबरात फळछाटणी सुरू झाली की माणूस बागेचा होतो. पेस्ट लावा, फवारणी करा, मजुरांच्या मागं लागा, आभाळ भरून आलं की परत औषध. रात्री नऊनंतर एखादा तास मिळतो, तोही डोळे मिटत असताना. त्या तासात मी जर वर्नवर्थ शहरापासून चेकपॉइंटच्या नाक्यापर्यंत नुसता चालतच गेलो, तर मी खेळलो कधी?

आणि चालण्याला माझा विरोध नाही हो. वाटेत काय भेटतं ते बघा. गोब्लिन. पुढं सॉरियन. मग वर बघितलं तर हार्पी. मग परत गोब्लिन, फक्त नाव वेगळं आणि रंग वेगळा. त्याच वळणावर, त्याच दगडामागं. इत्सुनो साहेब एका मुलाखतीत म्हणाले होते की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष प्रवासाचा नाही, गेमच कंटाळवाणा बनवलाय. बरोबर बोलले! तेच माप त्यांच्या गेमला लावा की. पहिल्यांदा जाताना रस्ता सोन्यासारखा आहे. पाचव्या खेपेला त्याच रस्त्यावर तेच सहा गोब्लिन मारताना मला बागेतलं तण काढल्यागत होतं.

पोवई नाका

तासगावकरांना अनुमोदन, पण माझा राग वेगळ्या कारणासाठी. गैरसोय हाच गेमचा जीव आहे असं विश्रामबागकर म्हणतात. ठीक. मग त्याच गैरसोयीवरचा उतारा पहिल्या दिवसापासून दुकानात का? मेलेल्याला उठवणारा वेकस्टोन, चेहरा बदलायचं पुस्तक, पॉन भाड्यानं घ्यायला लागणारे रिफ्ट क्रिस्टल, आणि पोर्टक्रिस्टल, म्हणजे जिथं ठेवाल तिथं परत येता येईल असा दगड. सगळं रोख पैशात. ज्यानं गडाच्या पायऱ्या मुद्दाम उंच बांधल्या, तोच खाली डोली भाड्यानं देतोय. मग पायऱ्या उंच का, या प्रश्नाचं उत्तर मी कुणाच्या तोंडून ऐकायचं?

शिवाय समीक्षणं दोन दिवस आधीच छापून आली होती. दुकान उघडलं गेम आला त्या दिवशी. म्हणजे गुण देणाऱ्यांनी जो गेम पाहिला, तो आणि लोकांनी पैसे मोजून घेतला तो, यांत एवढा फरक होताच.

गावभाग

भावा, तू यादी वाचलीयस का नुसतं ऐकलंयस?

त्या यादीत फेरीस्टोन नाहीच. फेरीस्टोन गेममधल्या सोन्यानंच घ्यायचा, दुकानात एक दहा हजाराला. आणि पोर्टक्रिस्टल नुसतं ठेवून उपयोग नाही, तिथं उडून यायला दर खेपेला फेरीस्टोन जाळावा लागतो. ते पोर्टक्रिस्टलही पैशानं एकच घेता येतं. बाकीच्या वस्तू रानात, पेट्यांत, दुकानांत पडलेल्या आहेत. वेकस्टोनचे तुकडे तर मी खिसाभर घेऊन फिरतोय, तीन जुळले की एक पूर्ण. कॅपकॉमनंही पहिल्याच दिवशी सांगितलं की हे सगळं खेळता खेळता मिळतं.

म्हणजे ज्यानं पैसे दिले त्याला जवळपास काहीच मिळालं नाही. ही लूट असेल तर फारच अडाणी लूट आहे.

पोवई नाका

गावभाग, तू माझ्याच बाजूनं बोललास. काहीच मिळत नाही तर विकलं कशाला?

माझा मुद्दा किती रुपये गेले हा नाहीच. एक रुपया न देताही माझं नुकसान झालंय. चेहरा बदलायचं पुस्तक सुरुवातीला पॉन गिल्डमध्ये मोजून दोनच मिळायचं. बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांतच साठा ९९ केला. मग आधी दोनच का होतं? खेळ घट्ट व्हावा म्हणून, की दुकान चालावं म्हणून? गेममधल्या प्रत्येक अडचणीकडं मला आता असं संशयानं बघावं लागतं, आणि गैरसोय सोसायची तर बनवणाऱ्यावर भरवसा लागतो. तो त्यांनी स्वतः घालवला.

मिरज जंक्शन

तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. मी पीसी जोडून देतो, माझ्याकडं वेगळीच गिऱ्हाइकं येतात. ‘नवीन ग्राफिक कार्ड टाकलं तरी वर्नवर्थमध्ये अडकतंय, कार्ड बदलून द्या.’ अरे बाबांनो, कार्डाचा संबंध नाही. या गेममध्ये गावातल्या प्रत्येक माणसाचा वावर प्रोसेसर मोजत बसतो. कोण कुठं निघालाय, कुणाला धडकला, कुणाला बघून थांबला. चौकात माणसं वाढली की प्रोसेसरचा दम निघतो आणि महागडं कार्ड शेजारी हातावर हात ठेवून बसतं. हे कॅपकॉमनंच मान्य केलेलं आहे. कन्सोलवरही सेकंदाला तीसच्या आसपासच फ्रेम मिळायच्या.

यावर लोकांनी शोधलेला उपाय ऐका. गावातली माणसं मारून टाकायची. खरंच. माणसं कमी झाली की फ्रेम वाढतात! मेलेले शवागारात जातात, तिथं जाऊन वेकस्टोननं उठवता येतात, आणि उठवले की परत फ्रेम पडतात. मला तरी असा गेम दुसरा माहीत नाही.

नंतरच्या अपडेटांनी बरंच सुधारलं. पण हा गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा आहे ते कॅपकॉमचं आरई इंजिन मुळात २०१७ च्या रेसिडेंट ईव्हिल ७ साठी केलेलं, बंद घरं आणि अरुंद बोळ यांच्यासाठी. मोकळं रान आणि भरला बाजार ही त्याची मूळ जात नव्हे. पुढं २०२५ ला मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स त्याच इंजिनावर आला, तिथंही हीच रड. घेणार असाल तर पैसे आधी प्रोसेसरवर घाला. कार्डाचं नंतर बघू.

कऱ्हाडची

माझी रात्रपाळी असते, त्यामुळे दिवसा खेळते. घरात शांतता, आणि सगळं जग झोपल्यागत. तासगावकर म्हणतात तसा वेळेचा प्रश्न मलाही आहे, तरी मी विश्रामबागकरांच्या बाजूनं. कारण स्फिंक्स.

डोंगरातल्या देवळात एक स्फिंक्स बसलेली असते, कोडी घालते. एक कोडं असं: तुला पहिलं सीकर्स टोकन जिथं सापडलं, त्या जागी जा आणि तिथं जे असेल ते घेऊन ये. मुदत सात दिवसांची. ही टोकनं नाण्याएवढी असतात, नकाशाभर विखुरलेली, आणि पहिलं आपण सुरुवातीच्या तासाभरात सहज उचललेलं असतं. नकाशावर खूण नाही, बाण नाही. खुर्चीत डोळे मिटून आठवायचं, की तेव्हा मी कुठल्या रस्त्यानं निघाले होते, कड्यावर का चढले होते, तिथं कुंपण होतं का पडकं घर. इतर गेम माझी पातळी विचारतात. यानं मी कुठं कुठं हिंडले ते विचारलं.

आता तक्रार. कथा फार कच्ची. दरबारात खोटा अराइजन (ड्रॅगननं निवडलेला वीर; खरा म्हणजे आपण) गादीवर बसवलाय, राणीसाहेबांचं कारस्थान चाललंय, आपण रात्री वाड्यात चोरून शिरतोय, छान रंगत येते. आणि मग शेजारच्या बट्टाल देशात गेलं की तो सगळा कट हवेत विरतो. कुणी कुणाला जाब विचारत नाही. वाट बघायला लावणं मला चालतं, पण वाटेच्या शेवटी काहीतरी ठेवा की.

गावभाग

ताई, ते स्फिंक्सचं कोडं मी पण सोडवलं. इंटरनेटवर बघून नव्हे हं. (बरं, पडकं घर कुठलं एवढंच बघितलं.)

तासगावचा बागायतदार

ताई, ज्याला ते टोकन आठवलंच नाही त्यानं काय करायचं? मागं जायला सेव्ह कुठाय? एकच आपोआप होणारा सेव्ह, आणि दुसरा शेवटच्या सराईतल्या मुक्कामाचा. बस्स. गेम आला तेव्हा तर नवा डाव सुरू करायचीही सोय नव्हती, ती नंतर दिली. त्यात आमच्याकडं वळवाचं वारं सुटलं की लाईट गेलीच म्हणून समजा. इन्व्हर्टरवर आम्ही टीव्ही सुद्धा लावत नाही, पीसी कुठला.

आणि तो ड्रॅगन्सप्लेग. आपल्या पॉनला रोग लागतो, आपण सराईत झोपतो, आणि सकाळी अख्खं गाव मेलेलं. दुकानदार, कामं देणारी माणसं, सगळी. आणि झोपल्याबरोबर तेच सेव्ह होऊन बसतं. याला कुणी खोलवरचं डिझाइन म्हणणार असेल तर माझा नमस्कार.

विश्रामबागकर

डिझाइनच म्हणणार. रोग लागलेला पॉन आधी चिक्कार खुणा देतो. सांगितलेलं ऐकत नाही, डोकं धरून कण्हतो, डोळे लाल चमकतात. गेम एकदा ठळक ताकीदही देतो. उपायही सोपा: उचलायचा आणि खोल पाण्यात फेकायचा, पाण्यातला ब्राइन नावाचा जीव त्याला गिळतो, आणि नंतर पॉन जिथून येतात त्या रिफ्टमधून तो निरोगी परत येतो. तिथं सेव्ह मागं नेता आला असता तर पॉनच्या तोंडाकडं कुणी बघितलं असतं का? मी तर आता भाड्याचा पॉन घ्यायच्या आधी त्याचे डोळे तपासतो, बाजारात बैलाचे दात बघतात तसं.

लोकांनी आरडाओरडा केला म्हणून पुढच्या अपडेटमध्ये त्यांनी रोगाचं प्रमाण घटवलं आणि डोळ्यांची चमक वाढवली. मला ते पटलं नाही. पण लाईटचा मुद्दा मान्य. सेव्ह बिघडला तर सुटायला वाट नाही, ही कठीणता नव्हे, हा निष्काळजीपणा. मुक्कामाचे दोन-तीन सेव्ह ठेवले असते तर गेमचं काही बिघडलं नसतं.

किर्लोस्करवाडी

२०१६ ला पहिला भाग पीसीवर आला तेव्हापासून खेळतोय, म्हणून माझं दुखणं निराळं. तुम्ही सगळे भांडताय ती प्रत्येक गोष्ट पहिल्या भागात होतीच. फेरीस्टोन तेच, पॉन तेच, ‘गोब्लिनना आग सोसत नाही’ हे तेच पालुपद. रात्रीची भीती तर तेव्हा जास्त होती. मध्ये बारा वर्षं गेली. त्यात वाढलं काय? नकाशा मोठा झाला, चेहरे सुंदर झाले, आणि राक्षसांची जात उलट कमी वाटते. पहिल्या भागाच्या वाढीव आवृत्तीतलं, डार्क अराइजनमधलं ते बिटरब्लॅक बेट आठवा, तिथं प्रत्येक दाराआड नवं काहीतरी अंगावर यायचं. इथं ड्रेक, म्हणजे छोटा ड्रॅगन, दिसला की पहिल्यांदा पळालो, तिसऱ्यांदा जांभई दिली.

गंमत म्हणजे गेम सुरू होताना पडद्यावर नुसतं ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ येतं. दोनचा आकडा दिसतो तो पार शेवटी, जग उलथंपालथं झाल्यावर, समुद्र आटल्यावर. तो भाग जबरदस्त आहे. पण तिथवर निम्म्यांनी गेम सोडलेला असतो. इत्सुनोंनीही ऑगस्ट २०२४ मध्ये कॅपकॉम सोडली. राहिलेलं आता कोण करणार?

पोवई नाका

तेच तर. बारा वर्षं थांबून दुसरा भाग आला, आणि आपण बोलतोय ते प्रोसेसर, सेव्ह आणि दुकानाबद्दल. विश्रामबागकर, तुमच्या ग्रिफिनबद्दल बोलणारे तुम्ही एकटेच.

मिरज जंक्शन

एकटे नाहीत. काल एक पोरगं आलं होतं कॉलेज कॉर्नरवरनं, रॅम टाकून घ्यायला. अर्धा तास मला ऐकवत होतं, सायक्लॉप्सला कड्यावरनं कसा ढकलला, तो दरीवर आडवा कसा पडला आणि मग त्याच्या पाठीवरनं सगळे पलीकडं कसे गेले. त्याला विचारलं, सेव्ह एकच आहे त्याचं काय? म्हणालं, ‘असतंय की.’

तासगावचा बागायतदार

त्याची परीक्षा संपलेली असणार. माझी खरड छाटणी एप्रिलात आहे, त्यानंतर आठवडाभर मोकळा मिळाला तर परत लावून बघतो. तोवर कुणी मला एक सांगा: बैलगाडी मोडू नये म्हणून काही करता येतं का, का दर वेळी उतरून गोब्लिनच मारायचे?

गावभाग

डुलकी घेऊ नका. जागे राहा, आवाज झाला की पटकन उतरा आणि आधी बैलाजवळ उभे राहा, गाडीजवळ नको. बैल गेला की गाडी राहूनही उपयोग नाही.