क्लीव्हलँड गार्डियन्स १९४८ नंतर जिंकलेच नाहीत. आता आशा धरावी का?

पहाटेचा प्रेक्षक, सोलापूर
माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे असतो आणि त्याच्या नादाने मीही २०२४ पासून तेथील गार्डियन्स या बेसबॉल संघाचे सामने पाहतो. तिकडे सायंकाळी पावणेसातच्या सुमारास सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे सव्वाचारला लागतो, त्यामुळे सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला निघण्यापूर्वी निम्माअधिक खेळ पाहून होतो. या संघाने वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची सात सामन्यांपर्यंतची अंतिम मालिका, चार विजय मिळवणारा विजेता) केवळ १९२० आणि १९४८ साली जिंकली आणि विजेतेपदाचा इतका दीर्घ दुष्काळ आज दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही, असे भाचा सांगतो. तरीही हा संघ वरचेवर प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) असतोच. मग शेवटी बिनसते कोठे, आणि पुढे आशा धरावी काय?

जुना स्कोअरर
दुष्काळ हा शब्द आपल्या जिल्ह्याला समजावून सांगावा लागत नाही. मात्र या दुष्काळात ढग चार वेळा भरून आले होते. १९५४ साली या संघाने, तेव्हाच्या इंडियन्स या नावाने, १५४ पैकी १११ सामने जिंकले, आणि तरीही वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना सलग चार सामन्यांत गारद केले. विली मेजने मैदानाकडे पाठ करून धावत घेतलेला जो झेल आजही दाखवला जातो, तो त्याच मालिकेतील पहिल्या सामन्यातला. १९९५ साली अटलांटाकडून हार झाली. १९९७ साली फ्लोरिडाविरुद्धच्या सातव्या सामन्यात नवव्या, म्हणजे नियमित खेळाच्या शेवटच्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी हाताशी असताना ती निसटली आणि अकराव्या इनिंगमध्ये मालिका गेली. २०१६ चे दुःख तर वेगळेच आहे. शिकागो कब्जविरुद्ध तीन-एक अशी आघाडी असताना पुढचे तिन्ही सामने हरले. घरच्या मैदानावरील सातव्या सामन्यात रजाई डेव्हिसच्या होमरनने (चेंडू मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्याने) आठव्या इनिंगमध्ये बरोबरी साधली, नऊ इनिंग संपताच सतरा मिनिटे पावसाने खेळ थांबला, आणि दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ असे जिंकले. पाऊस पडला, पण नको तेव्हा.

सात रस्ता
इतिहास हळहळण्यासारखा आहे हे खरे, पण कारण रचनेत आहे. १६२ सामन्यांच्या हंगामात चांगले पिचर (चेंडू टाकणारे) घडवणारा आणि पैसा जपून वापरणारा हा संघ टिकून राहतो. प्लेऑफची पहिली फेरी मात्र तीनच सामन्यांची असते आणि तेथे दोन वाईट दिवस पुरेसे होतात. २०२५ मध्ये गुणतक्त्यात एके वेळी डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे असलेल्या (हा आकडा विजय आणि पराजय यांतील फरकांची सरासरी, म्हणून अर्धा) या संघाने त्यांना गाठून आपला विभाग, म्हणजे लीगमधील आपला गट, जिंकला, एवढी पिछाडी भरून काढून विभाग जिंकल्याचे उदाहरण यापूर्वी नव्हते, आणि लगेच वाइल्ड कार्ड फेरीत, म्हणजे त्या तीन सामन्यांच्या पहिल्या फेरीत, त्याच डेट्रॉइटने त्यांना घरच्या मैदानावर २-१ असे हरवले.

बाळीवेसकर
सर्व दोष लहान मालिकेच्या माथी मारणे मला पटत नाही. १९४८ साली हंगामाअखेर बोस्टन रेड सॉक्सशी बरोबरी झाल्याने एकाच सामन्यावर सारे ठरणार होते; तो सामना लू बूड्रो या खेळाडू-व्यवस्थापकाने (संघ चालवणारा प्रशिक्षकही तोच) स्वतः दोन होमरन मारून ८-३ असा जिंकून दिला. म्हणजे कमी सामन्यांतही मोठे फटके मारणारा असला की निभावते. आज होझे रामिरेझ सोडला तर प्रतिस्पर्धी पिचरला धास्ती वाटावी असा फलंदाज या संघात शोधावा लागतो, आणि २०२५ मधील त्यांची फलंदाजी सर्व संघांत अगदी तळाच्या रांगेत होती. केवळ पिचरच्या जोरावर जानेवारीतल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेपर्यंत गप्पा मारता येतात, प्लेऑफचा ऑक्टोबर जिंकता येत नाही.

पहाटेचा प्रेक्षक, सोलापूर
आपणा सर्वांचे आभार. स्टीफन वोग्ट हे व्यवस्थापक २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे अमेरिकन लीगचे (दोन लीगपैकी गार्डियन्स ज्या लीगमध्ये आहेत तिचे) सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले, ते या अपुऱ्या फलंदाजीवर, हे आता कळले. तर मग पुढील हंगामात आम्ही नेमके काय पाहावे?

सात रस्ता
बाळीवेसकरांचा मुद्दा मी मान्य करतो. पण गुणतक्त्यात एक गोष्ट अवश्य पाहा. अमेरिकन लीगमधील तीन विभागविजेत्यांपैकी पहिल्या दोघांना तीन सामन्यांची ती फेरी खेळावीच लागत नाही. २०२४ मध्ये गार्डियन्सना ती सवलत मिळाली होती आणि ते लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेले, जेथे यांकीजने त्यांना ४-१ असे हरवले. २०२५ मध्ये विभाग जिंकूनही ती मिळाली नाही. सप्टेंबरात, हंगाम संपत आला की, विभाग जिंकतात का यापेक्षा ते त्या पहिल्या दोघांत आहेत का, एवढेच मी तरी आधी पाहीन.