मदत हवी आहे : कापसाचे पैसे शैक्षणिक कर्जात भरावे का?

नमस्कार दादा-ताईंनो, आम्ही दारव्हा तालुक्यातले कास्तकार. बहिणीच्या इंजिनिअरिंगचं कर्ज 6 लाख बाकी आहे, व्याज 10.5 टक्के. हप्ता 8,100 रुपये, पण पासबुकात पाहिलं तर त्यातले 5,250 व्याजातच जातात. मुद्दल हलतच नाही, जीव कासावीस होतो. तिला नागपुरात नोकरी लागली आहे, पण पगार बेताचाच.

आता कापूस विकून लाखभर हाती येतील. बाबा म्हणतात, आधी सोसायटीचं पीक कर्ज भरू. मलाही ते पटतं, कारण 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्यावर येतं. थकलं की ती सवलतच जाते. पण ते मार्चअखेर भरायचं. तोवर हे पैसे शैक्षणिक कर्जात टाकले, तर मार्चला तूर विकून निभेल का, हीच धाकधूक आहे.

बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, हे माहीत आहे. मग जास्तीची रक्कम थेट मुद्दलात जावी म्हणून अर्जात काय लिहायचं? हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्यायची आहे. शाखेत तोंडी विचारलं तर नुसतं ‘होईल’ म्हणतात. कोणी असं केलं असेल तर कृपया सांगा.