मामांसाठी मदत हवी आहे: प्रोस्टेटचा कॅन्सर, सुरुवातीची पायरी. ऑपरेशन की ब्रॅकीथेरपी?

चिंचगुळ:
नमस्कार मंडळी. मामांसाठी विचारतेय. वय ६६, सांगलीत असतात. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. रक्तातला पीएसए (प्रोस्टेटची तपासणी) ८.२ आला म्हणून एमआरआय, मग बायोप्सी केली. १२ तुकड्यांपैकी ३ मध्ये कॅन्सर निघाला. ग्लीसन (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ३+४=७, प्रोस्टेट ग्रंथीबाहेर गेलेला दिसत नाही. ग्रंथी ५६ सीसी आहे.

युरोलॉजिस्ट म्हणाले, रोबोटने ग्रंथी काढून टाकू. पुण्यात रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले ब्रॅकीथेरपी करू, आतूनच शेक द्यायचा, काही कापायचं नाही. बरं होण्याची शक्यता सारखीच, असं दोघंही म्हणतात. आणि शेवटी दोघंही म्हणाले, तुम्ही ठरवा! आम्ही काय डोंबल ठरवणार?

मामींचा धोशा एकच, "काढून टाका ते." मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात, एकादशीला तास न् तास बैठक असते. त्यांचं म्हणणं, लघवी गळायला लागली तर मी चारचौघांत बसणार नाही. तसे ते आत्ताही रात्री तीन-चारदा उठतात, पण ते वयामुळे, असं त्यांचं मत.

दोन्ही उपचारांची समोरासमोर तुलना कुणी केली आहे का? आणि माझा मुलगा चार वर्षांचा आहे, मामांच्या मांडीवरच असतो. रेडिएशनचा त्याला त्रास होईल का?

कडूलिंब:
माझ्या थोरल्या भावाचं रोबोटने झालंय. ऑपरेशन तसं सोपं गेलं, नंतरचे दिवस कठीण. आठवडाभर लघवीची नळी होती. ती काढल्यावर पॅड लागले. खोकला आला, वजन उचललं की गळायचं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केले, काही महिन्यांत बरंच आटोक्यात आलं. पण सगळ्यांचं पूर्ण थांबतंच असं नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

अजून एक. लैंगिक क्षमतेवर दोन्ही उपचारांत परिणाम होतो. ऑपरेशनमध्ये लगेच, रेडिएशनमध्ये हळूहळू. ऑपरेशननंतर वीर्य येतच नाही. भाचीसमोर मामा हे विचारणार नाहीत, तेव्हा एकदा त्यांना डॉक्टरांकडे एकट्याला बसू द्या.

रानवाटा:
सीताफळाच्या पानांचा काढा घ्या. ऑपरेशनची वेळच येणार नाही.

चिंचगुळ:
@रानवाटा, काढा राहू दे. @कडूलिंब, हे डोक्यातच आलं नव्हतं. मामींनाही सांगते.

समस्थानिक:
रेडिएशन विभागात काम करतो, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

पहिलं म्हणजे कुठली ब्रॅकी ते विचारा. एका प्रकारात आयोडीन-१२५ चे तांदळाएवढे दाणे ग्रंथीत कायमचे ठेवतात. त्यांचा जोर साधारण ६० दिवसांनी निम्मा होतो. तोवर लहान मुलाला मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईजवळ फार वेळ बसू नका, असं सांगतात. दुसऱ्या प्रकारात भूल देऊन सुया घालतात, त्यांतून इरिडियम-१९२ चा स्रोत काही मिनिटं आत जातो आणि परत मशीनमध्ये येतो. मागे काही राहत नाही, मुलगा त्याच दिवशी मांडीवर बसला तरी चालेल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी हीच मशीनं लागतात, म्हणून आपल्याकडे हा प्रकार जास्त सापडतो.

समोरासमोर तुलनेचा प्रयत्न झाला होता. अमेरिका-कॅनडातल्या 'स्पिरिट' चाचणीत ऑपरेशन की दाणे हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार होतं. लोक तयारच होईनात, चाचणी बंद करावी लागली. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' चाचणीत १६४३ पुरुष होते, पण तिथलं रेडिएशन बाहेरून दिलेलं. नुसती देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन असे तीन गट. १५ वर्षांनी या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत शंभरात दोन-तीनच. म्हणजे घाबरून या आठवड्यातच तारीख घ्यायला नको. नुसत्या देखरेखीवर ठेवता येईल का, ग्लीसनमधल्या ४ नंबरच्या पेशी किती टक्के आहेत, हेही विचारून घ्या.

पण मला तुमच्या लिहिण्यातली रात्री उठण्याची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. ब्रॅकीनंतर ग्रंथी सुजते. आधीच धार बारीक असेल तर लघवी तुंबून नळी घालावी लागू शकते, जळजळ आणि सारखी घाई तर महिनोन् महिने. त्यात ५६ सीसी म्हणजे ग्रंथी मोठीच. लघवीच्या तक्रारींचा सात प्रश्नांचा, ३५ गुणांचा एक फॉर्म असतो. तो भरून घेतला का?

चिंचगुळ:
नाही, कुणी विचारलंच नाही. आज फोनवर भरून घेतला. मामा प्रत्येक प्रश्नाला "तसं विशेष नाही" म्हणत होते आणि मामी मागून खरा आकडा सांगत होत्या. १९ आले.

समस्थानिक:
१९ म्हणजे मध्यम त्रासाचं वरचं टोक, २० पासून तीव्र धरतात. हा आकडा रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा, लघवीच्या धारेचा वेग मोजणारी युरोफ्लो तपासणीही करून घ्या. माझ्या मते पारडं ऑपरेशनकडे झुकतंय, कारण ग्रंथी गेली की अडथळाही जातो. मामांची भीती मात्र खरी आहे, गळण्याचा धोका त्याच बाजूला जास्त.

मामींसाठी: ऑपरेशननंतर पीएसए जवळपास शून्य व्हायला हवा, म्हणजे निकाल लवकर कळतो. ब्रॅकीनंतर तो सावकाश, काही वर्षं उतरत राहतो आणि मध्येच एकदा उगाच वरही जातो. त्या उसळीने घरचे हवालदिल होतात. शिवाय ऑपरेशननंतर कॅन्सर उलटला तर रेडिएशन देता येतं. उलट क्रमाने, म्हणजे रेडिएशननंतर ऑपरेशन करणं फार अवघड.

कडूलिंब:
ऑपरेशन ठरलंच तर सर्जनला सरळ विचारा, अशी किती केलीत आणि वर्षभराने किती जणांना पॅड लागतो. चांगला सर्जन रागावत नाही. व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करा.

चिंचगुळ:
युरोफ्लोची वेळ घेतलीय. मामा म्हणाले, "व्यायाम आजपासून करतो, त्याला कुठे भूल लागते?" ऑपरेशननंतर लांब बैठकीला बसणारे, गाणारे-वाजवणारे कुणी इथे असतील तर लिहा, बसण्याचं आणि पॅडचं कसं जमवलं ते. मामांना वाचून दाखवायचंय.