ग्रामपंचायत बिनविरोध झाली म्हणजे गावाचं एकमत झालं का?

माळरान:
जानेवारी 2021 मध्ये राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम लागला होता. प्रत्यक्ष मतदान झालं 12,711 गावांत. उरलेल्या दीड हजारांतली बहुतेक बिनविरोध. त्या सगळ्यांची 5 वर्षांची मुदत 2026 साली संपते, म्हणून पुन्हा "यंदा बिनविरोधच करू" सुरू झालंय. माझा त्याला विरोध आहे.

मागच्या वेळी माघारीच्या दिवशी मी गावातच होतो. दुपारी 3 पर्यंत मुदत. सकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली, वहीच्या मागच्या पानावर 9 नावं लिहिली गेली. वॉर्ड 3 मधून एका शेतमजूर बाईनं अर्ज भरला होता. बैठकीला तिला नाही, तिच्या नवऱ्याला बोलावलं. "वहिनींना सांगा, गावासाठी एवढं करा." त्यानं मान हलवली. तिला जीपमध्ये बसवून तहसीलला नेलं. माघारीच्या अर्जावर सही करताना तिनं दोनदा पेन खाली ठेवला. संध्याकाळी गुलाल उधळला, गाव एक झालं म्हणून.

मतदान गुप्त असतं. पारावर मात्र ज्याच्या रानात कामाला जायचं, तोच समोर बसलेला असतो. तिथं नाही म्हणायची कुणाची ताकद आहे?

गोदाकाठ:
माळरान दादा, एका बैठकीवरून सगळ्या गावांना एका मापात बसवू नका. आमच्याकडे दोन सख्ख्या चुलत भावांची दोन पॅनल उभी राहिली. निकालानंतर हरलेल्यानं बांधावरून गेलेली पाइपलाइन अडवली. ऐन उन्हाळ्यात ऊस वाळला. पुढं चुलती वारली तर एक घर मयतीला गेलं नाही. 7 किंवा 9 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत उमेदवाराला खर्चाची मर्यादा 2021 ला होती 25 हजार, आणि जेवणावळींना लागले लाख. ते पैसे सोसायटीच्या कर्जातूनच येतात, मी बघितलंय.

हिवरे बाजार घ्या. 1989 साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी गावात दोन तट असते तर पाळली गेली असती का?

उंबरठा:
गोदाकाठ दादा, त्याच हिवरे बाजारात 2021 ला 30 वर्षांनी मतदान झालं. पवारांच्या पॅनलनं सातही जागा जिंकल्या. गाव फुटलं नाही. ज्यानं काम केलंय त्याला मतमोजणीची भीती कशाला?

मी स्वतः बिनविरोध सरपंच होते. जागा महिला राखीव निघाली, माझ्याकडे खर्चाला पैसा नव्हता, म्हणून बिनविरोध ठरलं तेव्हा मला बरंच वाटलं. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या जागेवरून मी विरोध केला. मासिक सभेत मला तोंडावर सांगितलं, "तुला आम्ही बसवलंय." काय उत्तर देणार? मला इतक्या माणसांनी मतं दिलीत, हे म्हणायची सोयच नव्हती. 2011 पासून आपल्याकडे बायकांना निम्म्या जागा आहेत. पण मतांनी निवडून आलेली बाई आणि बसवलेली बाई, या दोघींचा सभेतला आवाज वेगळा असतो. हे मी सोसून सांगतेय.

तांडावस्ती:
ताई, तुमचं पटलं, तरी आमची बाजू ऐका. आमचा तांडा गट ग्रामपंचायतीत आहे. मोठ्या गावाची मतं आमच्या कितीतरी पट. लढत झाली की राखीव जागेवर आमच्यातला कोण उभा राहणार हे मोठ्या गावचं पॅनल ठरवतं, आणि तो त्यांचाच माणूस असतो. बिनविरोधच्या बैठकीत मात्र आम्ही अडून बसलो. "उपसरपंच तांड्याचा आणि पहिल्या वर्षी पाण्याची लाइन, नाहीतर आमचे अर्ज राहतील." दोन्ही मिळालं. नुसती मतं मोजली असती तर आम्ही आजही हंडेच वाहिले असते.

नांगरट:
तांडावस्ती भाऊंनी सौदा चांगल्या कामासाठी केला. पण सौद्याची सवय लागली की काय होतं ते उमराण्यात दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातलं हे गाव. मंदिराच्या बांधकामाच्या नावानं सरपंचपदाची बोली 2 कोटी 5 लाखांवर गेली, व्हिडिओ सगळीकडे फिरला. राज्य निवडणूक आयोगानं तिथली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. तिथं बोली 42 लाखांची होती.

बिनविरोध गावाला 25 लाखांचा निधी देऊ, अशी घोषणाही तेव्हा झाली होती. गुजरातेत तर 2001 पासून समरस योजनेत सरकारच अनुदान देतं. माझा प्रश्न सरळ आहे. रस्ता आणि गटार हा गावाचा हक्क, मग लढत झालेल्या गावाला तो कमी का मिळावा?

गोदाकाठ:
बोली लावणाऱ्यांना आत टाका, माझं काही म्हणणं नाही. पण लिलाव आणि समजूत एक नव्हे. माझ्या चुलत्याच्या दारात मला पुन्हा जाता यायला 4 वर्षं लागली.

माळरान:
गोदाकाठ दादा, ते दुःख खोटं नाही. तांडावस्ती भाऊंचा मुद्दाही मी धरला नव्हता, तो खरा आहे. मग समजूत काढायचीच तर ती ग्रामसभेत काढा, आधी महिला सभेत विषय घ्या, माघार घेणाऱ्यानं स्वतः उभं राहून सांगावं. आणि एकच अर्ज उरला तरी मशीन लावावं, त्यावर नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही'चं बटण असावं. आज एकटा उमेदवार राहिला की मतदानच होत नाही, गावाला नको म्हणायची जागाच उरत नाही.

उंबरठा:
त्या वॉर्ड 3 च्या ताई यंदा उभ्या राहणार का?

माळरान:
परवा ग्रामपंचायतीत भेटल्या. घरपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घेत होत्या. नवरा सोबत नव्हता.